सरप्लस लष्करी रायफलीच्या बॅरलला 'ब्रेक-इन' लागतं का?

परळचा पाहुणा
नेमबाजीवर इथे फारसे धागे निघत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वरळीच्या रेंजवर पॉइंट टू-टू मारतो, तेही हौस म्हणून. माझा भाचा टेक्सासात असतो. त्याने तिथल्या एका गन शोमधून इशापूर २ए१ घेतली. म्हणजे बंगालमधल्या आपल्याच इशापूर कारखान्यात, १९६२ च्या युद्धानंतरच्या काळात बनलेली, घाट जुन्या ली-एनफील्डचा पण काडतूस ७.६२ नाटोचं. सैन्यातून निघालेला असा बराच माल पुढे अमेरिकेत विकला गेला.

विकणाऱ्याने पोराला बजावून सांगितलंय की बॅरलला, म्हणजे नळीला, 'ब्रेक-इन' दे. पहिल्या दहा गोळ्या एकेक करून मार आणि प्रत्येक गोळीनंतर बॅरल पूर्ण साफ कर. मग तीन-तीन गोळ्यांनी, मग पाच-पाच. भाचा मला विचारतोय, "मामा, तू रेंजवर जातोस ना, हे खरं का?"

माझं मत असं की इतकी वर्षं सैन्यात घासून निघालेल्या रायफलीला आता कसलं ब्रेक-इन! पण ठासून सांगायच्या आधी जाणकारांना विचारावं म्हटलं.

ताईला, म्हणजे त्याच्या आईला, रायफलीचा अजून पत्ता नाही. ठाण्यातल्या मंडळींनी धागा फॉरवर्ड करू नये.

कवडीचुंबक
ताई इथे वेगळ्या आयडीने वाचतायत असं धरून चला.

मनीमाऊ
वाचतेय. विषयात शून्य गती, पण एनसीसीत बॅरल पुसलंय, त्यामुळे पुढे तोंड खुपसणार आहे.

लेथवाला
कुर्ल्याला माझं छोटं वर्कशॉप आहे. बंदूक कधी हातात धरली नाही, पण भोक पाडणं, रीमर फिरवणं, होनिंग हे रोजचंच. त्यामुळे ब्रेक-इनमागचं तर्कशास्त्र तेवढं सांगतो.

बॅरलमध्ये आधी आरपार भोक, मग आतली पेचदार आट्यांची रचना, म्हणजे रायफलिंग. हे झाल्यावर मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा, चेंबर, रीमरने कापतात. गोम इथे आहे. रीमर गोल फिरतो, त्यामुळे त्याच्या खुणा आडव्या पडतात आणि गोळी जाणार उभी. शिवाय जिथे रायफलिंगचे उंचवटे सुरू होतात तिथे रीमरने बारीक बर सोडलेली असते. बर म्हणजे काय ते ज्याने ड्रिल केलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलंय त्याला सांगायला नको. गोळीवरचं तांब्याचं आवरण त्या बरीवर खरवडतं आणि पुढे बॅरलमध्ये चिकटून बसतं. पहिल्या काही गोळ्या ही बर चेपतात. मधेमधे तांबं काढलं नाही तर ते बरीवर थर धरतं आणि चेपायचं काम लांबतं, म्हणून प्रत्येक गोळीनंतर सफाई. कल्पना एवढीच.

लोक याची तुलना नव्या बाइकच्या रनिंग-इनशी करतात, ती मला पटत नाही. इंजिनात रिंगा आणि लायनर दोन्ही तेच, तेच एकमेकांवर लाखो वेळा घासतात आणि एकमेकांना जुळवून घेतात. इथे गोळी दर वेळी नवी, आणि बॅरलमधून मिलिसेकंदाच्या आसपास बाहेर. जुळवून घेणार कोण कुणाशी?

तात्पर्य, तर्क नव्याने कापलेल्या चेंबरला लागू पडतो. पन्नास वर्षं गोळ्या खाल्लेल्या चेंबरमध्ये बर शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

शंकासुर
लेथवाला, नव्या बॅरलबद्दलही मला शंका आहे. पुरावा काय? एकच बॅरल ब्रेक-इन करून आणि न करून असं दोन्ही प्रकारे तपासता येत नाही. दोन बॅरलं घ्यावीत तर दोन्ही मुळातच सारखी नसतात. बरं, ब्रेक-इन करणारा माणूस पहिल्या पन्नास गोळ्या इतक्या निगुतीने मारतो की त्याचा नेम सुधारला की बॅरल सुधारलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

अमेरिकेतल्या बॅरलवाल्यांतच यावर दोन तट आहेत. क्रीगर ही नामांकित बॅरल कंपनी तुमचंच म्हणणं मांडते: बॅरल आतून आम्ही घासून गुळगुळीत केलंय, नवा कापलेला भाग तेवढा बसवून घ्यायचाय. उलट गेल मॅकमिलन हे तितकेच नावाजलेले कारागीर म्हणायचे, की हे सगळं बॅरलं लवकर झिजून नवी खपावीत म्हणून निघालेलं खूळ आहे. घ्या आता.

बापू जमादार
पोलीस खात्यात शस्त्रागारात नोकरी झाली. थ्री-नॉट-थ्रीवर, म्हणजे .३०३ च्या ली-एनफील्डवर, हात काळे केले, नंतर एसएलआर ही स्वयंभरण रायफलही सांभाळली. म्हणून चार शब्द.

पाहुणे, तुमच्या भाच्याची रायफल कारखान्याबाहेर पडली तीच गोळ्या खाऊन. प्रत्येक रायफलीवर आधी नेहमीपेक्षा जास्त दाबाचं प्रूफ काडतूस उडवतात. त्यात टिकली तर तसा शिक्का मारतात. मग साइट जुळवायला आणखी काही गोळ्या. त्यापुढे सैन्यातली वर्षं, दरवर्षीचा सराव. ब्रेक-इन होऊन वर कितीदा ब्रेक-आउट झालं असेल देव जाणे.

जुन्या रायफलीचं दुखणं वेगळं असतं. बॅरल गोळीने जितकं झिजतं त्याहून जास्त ते पुसणाऱ्याच्या हातून मरतं. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण नीट सांगतो.

ली-एनफील्ड साफ करायला पुलथ्रू असतो. दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाच्या फासात चिंदी. चिंदी चार इंच बाय दोन इंच. वजन मागून चेंबरमध्ये सोडायचं, ते बॅरलच्या तोंडातून बाहेर येतं, मग दोरी ओढायची. ओढायची कशी, तर बॅरलच्या रेषेत, नाकासमोर सरळ. एकट्याने हे नीट जमत नाही, रायफल धरायला दुसरा गडी लागतो. पण जवान दमलेला, जेवणाची शिट्टी झालेली. तो रायफल पायात धरतो आणि दोरी खाली खेचतो. दोरी तोंडाच्या एका कडेवर घासते. दोरीला बारीक रेती चिकटलेली असतेच. असं वर्षानुवर्षं चाललं की पोलादातसुद्धा दोरीची खाच पडते. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या तोंडाचा. तिथे एक बाजू झिजलेली असली की गोळीमागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला धक्का देतो. मग तुम्ही हजार गोळ्यांचं ब्रेक-इन करा, ग्रुप, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा पुंजका, काही जमणार नाही.

तेव्हा पोराला म्हणावं, भिंग घे आणि आधी बॅरलचं तोंड बघ.

मनीमाऊ
बापू, अगदी अगदी! आमचे उस्ताद याच एका गोष्टीवरून ओरडायचे. "दोरी सीधी!" हे वाक्य अजून कानात आहे. चिंदी इतकी घट्ट अडकायची की दोन मुली रायफल धरून आणि एक दोरीला लोंबकळून. मग उस्ताद बोल्ट काढून बॅरल आकाशाकडे धरून आत बघायचे, एक डोळा बारीक करून, आणि नखाएवढा धूळकण सापडला तरी संपूर्ण तुकडीला मैदानाची फेरी.

कवडीचुंबक
म्हणजे 'चिंदीचोर' हा शब्द शस्त्रागारातून आला म्हणायचा.

बापू जमादार
@कवडीचुंबक, चोरी व्हायचीच. चिंदी मोजून मिळायची आणि बनियनची बाही फाडून काम भागवायचे लोक.

टेन पॉइंट नाइन
मी स्पर्धेत .२२ प्रोन, म्हणजे पालथं झोपून, मारते. एक वेगळी बाजू मांडते, कारण इथे 'जुन्या रायफलीला काहीच लागत नाही' असा सूर लागलाय.

.२२ ची गोळी उघड्या शिशाची, वर मेणासारखं वंगण. बॅरल चकचकीत साफ केलं की पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जातात. त्या वंगणाचा एकसारखा थर बॅरलमध्ये बसला की ग्रुप आवळतो. म्हणून मॅचआधी आम्ही सायटिंगच्या, म्हणजे चाचणी गोळ्यांच्या, वेळात बॅरलला 'बसवून' घेतो. गोळीचा ब्रँड बदलला तरी तेच. याला ब्रेक-इन म्हणायचं का? नाही. पण साफ बॅरल आणि वापरात असलेलं बॅरल वेगळं वागतं, हे आम्हाला रोज दिसतं. भाच्याने रायफल घासूनपुसून काढली आणि पहिल्या तीन गोळ्यांवरून तिला नावं ठेवली, तर तो रायफलीवर अन्याय होईल.

सावंतवाडीचा काजू
आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. दारू ठास, चिंध्या ठास, छर्रे ठास, मग रानडुकराला नमस्कार करून चाप ओढ. ब्रेक-इन वगैरे नव्हतं. प्रत्येक बार हाच पहिला आणि शेवटचा समजून उडवायचा. डुक्कर मेल्याचं कुणाला आठवत नाही, पण आवाजाने माड हलायचे.

इतिहासजमा
बॅरलच्या झिजेची चिंता सैन्याला पहिल्यापासून होती, फक्त तिची दिशा ब्रेक-इनच्या नेमकी उलटी. ली-एनफील्डच्या आधीची रायफल ली-मेटफर्ड. तिच्या बॅरलमध्ये विल्यम मेटफर्ड यांनी आखलेलं उथळ, गोलसर कडांचं सात खाचांचं रायफलिंग होतं. काळ्या दारूला ते छान, कारण राख साचत नसे. मग कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. ती इतकी गरम जळायची की ते उथळ रायफलिंग पाहता पाहता झिजू लागलं. म्हणून १८९५ मध्ये खोल, चौकोनी कडांच्या पाच खाचांचं एनफील्ड रायफलिंग आलं आणि रायफलीचं नावही बदललं. म्हणजे ली-एनफील्ड या नावातला 'एनफील्ड' मुळात बॅरलच्या झिजेमुळे आलाय. खडकीच्या कारखान्यात बनलेली, बुडावर 'के एफ' ठसा असलेली .३०३ ची जुनी काडतुसं आजही जगभरच्या संग्राहकांकडे सापडतात.

शंकासुर
अवांतर: असली रायफल इथे मुंबईत परवान्यावर मिळू शकते का?

बापू जमादार
सामान्य माणसाला नाही. .३०३ आणि ७.६२ ही दोन्ही लष्करी बोअरं (नळीची मापं), प्रोहिबिटेडमध्ये, म्हणजे बंदी असलेल्यांत, मोडतात. म्हणून तर ऑर्डनन्स कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ ची स्पोर्टिंग रायफल काढली. बोल्ट तोच ली-एनफील्डच्या वळणाचा, काडतूस वेगळं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर जास्तीत जास्त दोनच हत्यारं, आधी तीन चालायची.

सावंतवाडीचा काजू
त्यात निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करा. माझ्या काकांची .३१५ एका पावसाळ्यात जमा होती. ठाण्याचं नाव घेत नाही. परत आली तेव्हा बॅरलमध्ये गंजाची लाल पूड. काकांनी पावती हातात धरून विचारलं, "साहेब, रायफल जमा केली होती, वीट नाही."

टेन पॉइंट नाइन
अवांतरात माझीही भर: आपल्या नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना १९५१ मध्ये दादासाहेब मावळंकरांच्या पुढाकाराने झाली, लोकसभेचे पहिले अध्यक्ष तेच. त्यांच्या नावाची स्पर्धा आम्ही अजून खेळतो. वरळीच्या रेंजवर घडलेल्या अंजली भागवतपासून पॅरिसला ब्राँझ आणणाऱ्या स्वप्निल कुसाळेपर्यंत महाराष्ट्राची रायफल नेमबाजी दणदणीत आहे. आणि तरी धागा निघतो तो टेक्सासच्या गन शोवर!

घाटकोपर लोकल
थ्री-नॉट-थ्रीचं कौतुक वाचून बरं वाटलं नाही. २६/११ च्या रात्री सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात याच रायफली होत्या आणि समोर एके-४७. त्यावर...

संपादक
मुद्दा गंभीर आहे आणि वेगळ्या धाग्याचा आहे. त्यावरचे पुढचे सात प्रतिसाद तिकडे हलवले आहेत. इथे बॅरलवर बोलूया.

ह्यूस्टनचा बाळू
उशिरा आलो. इथे सरप्लस रायफली गोळा करणाऱ्यांत माझी उठबस आहे, स्वतःकडेही दोन आहेत. काही मुद्दे, सुचतील तसे.

इथे अमेरिकन सैन्याच्या जुन्या गॅरँड रायफली सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम विकतो. ते लोक ब्रेक-इनची भाषा करत नाहीत. ते गेज घालून दोन आकडे बघतात, चेंबरपुढचा भाग किती झिजलाय आणि तोंड किती झिजलंय. रायफलीची प्रत त्यावरून आणि लाकूड-लोखंडाच्या अवस्थेवरून ठरते.

मग अपवाद आहे का? आहे. काही सरप्लस रायफलींची बॅरलं आर्सेनलमध्ये बदलून, वर गंज न लागण्यासाठी मिनरल जेली थापून त्या गोदामात ठेवल्या गेल्या आणि पुन्हा कधी वापरल्याच गेल्या नाहीत. अशा रायफलीचं चेंबर जवळजवळ कोरं असतं. तिथे लेथवाल्यांची बर असू शकते. तरीही मी विधी करणार नाही. पहिल्या वीसेक गोळ्यांत दोन-तीनदा साफ केलं की झालं. चिंदी निळी-हिरवी निघाली की समजायचं तांबं निघतंय (अमोनियाचं सॉल्व्हंट लावलं तर), रंग फिका पडत गेला की बस. आणि बॅरलला आतून क्रोम चढवलेलं असेल, जसं एके-४७ ला असतं, तर विषयच संपला. क्रोम गोळीच्या तांब्याने चेपलं जात नाही.

आता काडतूस. ही रायफल ७.६२ नाटोसाठी बनली आहे. दुकानदार '.३०८ विंचेस्टर आणि ७.६२ एकच' म्हणेल. बाहेरून मापं जवळजवळ तीच, पण .३०८ चा कारखानी माल जास्त दाबाचा असू शकतो, दोन्हींच्या चेंबरच्या मापांतही फरक असतो. या रायफलीत .३०८ चालतं की नाही यावर इथले लोक वर्षानुवर्षं भांडतायत. मी भांडत नाही, ७.६२ नाटोच घेतो. त्याआधी गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बोल्टपासून काडतूस चेंबरमध्ये जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर, तपासून घेतो. ब्रेक-इन चुकलं तर फार तर ग्रुप मोठा येईल, हेडस्पेस चुकलं तर काडतुसाचं पितळ चेंबरमध्येच फाटतं आणि वायू तोंडावर येतो.

लेथवाला
बाळूशी सहमत. मापं आधी, मंत्र नंतर.

मनीमाऊ
बापू, एक प्रश्न. आम्हाला कॅम्पमध्ये एका जुन्या सुभेदार साहेबांनी सांगितलं होतं की पूर्वी बॅरलमध्ये उकळतं पाणी ओतायचे. ते खरं की आमची फिरकी घेत होते?

बापू जमादार
शंभर टक्के खरं. जुन्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की बॅरलमध्ये क्षार उरतो, आपल्या मिठाचाच भाऊबंद. तेलात तो विरघळत नाही. वरून तेल लावलं की वाटतं छान झालं, आणि क्षार तेलाखाली बसून हवेतलं पाणी ओढत राहतो. मुंबईत जुलैत गोळीबार करून रायफल तशीच ठेवली तर सकाळी बॅरलमध्ये लाली दिसायची. म्हणून नरसाळं चेंबरला लावून उकळतं पाणी ओतायचं. क्षार वाहून जातो, आणि बॅरल इतकं तापतं की उरलेलं पाणी आपोआप सुकतं. मग कोरडी चिंदी, मग तेलाची. कोमट पाण्याने हे होत नाही, ओल राहते.

भाच्याने स्वस्तातली जुनी सरप्लस काडतुसं घेतली असतील तर त्याला हे सांगा. नवी काडतुसं असतील तर गरज नाही.

परळचा पाहुणा
मंडळी, धन्यवाद. काल रात्री भाच्याशी व्हिडिओ कॉल झाला. त्याने बापूंच्या सांगण्याप्रमाणे भिंगातून तोंड दाखवलं. खाली, म्हणजे घड्याळातल्या सहाच्या बाजूला, कड किंचित घासलेली वाटते. वरची कड धारदार आहे. बॅरलमध्ये अजून पिवळट चिकट जेली. आकाशाकडे धरलं तर रायफलिंग दिसतं, पण मधे एके ठिकाणी काळपट पट्टा.

अजून एक. चापाच्या पुढे, मॅगझिनच्या आसपास, लाकडातून आडवा एक स्क्रू आरपार गेलाय. कुणीतरी घरगुती दुरुस्ती केली असावी म्हणून तो काढणार होता. थांबवलंय.

ह्यूस्टनचा बाळू
बरं केलंस थांबवलंस! तो कारखान्याचाच आहे. इशापूरवाले लाकूड फाटू नये म्हणून तो आडवा स्क्रू घालत. इथे त्याला 'इशापूर स्क्रू' असंच म्हणतात. तो असला की रायफल भारतीय हातून गेल्याची खूण.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर, ली-एनफील्डचा ग्रुप बॅरलइतकाच लाकडावर अवलंबून असतो. गोळी सुटताना धक्का लाकडाच्या ज्या दोन खांद्यांवर येतो, तिथे लाकूड सुकून आकसलं किंवा तेलाने मऊ पडलं की रायफल लाकडात हलते.

बापू जमादार
लाकडाला कच्चं अळशीचं तेल, हाताने चोळून. थोडं थोडं. व्हार्निश नको.

तोंडाची खाच किंचित असेल तर घाबरायचं कारण नाही. आधी मारून बघा. काळा पट्टा गंजाचा खड्डा आहे की नुसता मळ, ते जेली काढल्याशिवाय कळणार नाही. आम्ही जेली रॉकेलने काढायचो. सफाई मागून पुढे करायची, आणि दोरी...

मनीमाऊ
सीधी!

शंकासुर
मूळ प्रश्नावर माझं मत बदललं नाही, पण लेथवाल्यांच्या बरीचं म्हणणं पटलं. कोऱ्या चेंबरला कदाचित, वापरलेल्याला नाही. विकणाऱ्याने सल्ला दिला तेव्हा सॉल्व्हंटची बाटलीही विकली होती का, हे भाच्याला विचारा.

परळचा पाहुणा
विकली. ब्रशच्या सेटसकट.

कवडीचुंबक
गॅलेक्सी मिठाईवाला सांगतो, रोज एक पेढा खाल्ल्याशिवाय दात बसत नाहीत.

टेन पॉइंट नाइन
पाहुणे, शनिवारी तो रेंजवर जाईल तेव्हा एवढं सांगा. जेली आणि तेल पूर्ण पुसून कोरडं बॅरल घेऊन जा. १०० यार्डांवर, टेबलाशी बसून, पुढचं लाकूड सँडबॅगवर टेकवून. बॅरल सँडबॅगवर नको. पहिल्या तीन-चार गोळ्या हिशेबात धरू नकोस. मग पाच गोळ्यांचा ग्रुप, बॅरल हाताला सोसवेल इतकं निवू दे, परत पाच. दोन्ही कागद जपून ठेव आणि फोटो इथे टाक. पसारा कुठे पडतो त्यावरून तोंड की लाकूड, याचा अंदाज बापू बांधतील.